टक् कुठं गेलं

...नाही, पण एकानं तरी विश्वास ठेवावा? एकानं? घरात नवरा आणि पोरगा, बाहेरचे दोन मेकॅनिक, वर कंपनीतला साहेब, आणि मी सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते की बाबांनो, ए.सी.चं बटण दाबलं की इंजिनातनं टक् असा आवाज यायचा, तो येत नाही, दुखणं तिथं आहे, दुसरीकडं शोधू नका... पण मला काय कळतंय, मी चौथी शिकलेली.

थांबा, आधी गाडीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही मांजरी गावची बाई ए.सी.च्या गाडीतनं कुठं हिंडत होती. हिंडत नव्हते. रस्त्याकडची आमची जमीन बिल्डरला गेली, जिथं आमची विहीर होती तिथं आता त्यांच्या सोसायटीचा पोहायचा तलाव आहे, ऊस होता तिथं पार्किंग आहे, आणि जमीन गेली तशी घरातल्या माणसांनी सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न आला. तेव्हा मी म्हणलं गाडी घ्या आणि कंपनीला लावा. खराडीला काचेच्या इमारती उठल्यात ना, कॉम्प्युटरवाल्यांच्या, तिथल्या पोरापोरींना सकाळी घरनं उचलायचं, संध्याकाळी सोडायचं. मुलगा रविराज चालवतो. गाडी माझ्या नावावर आहे, कारण आमच्या मालकांच्या नावावर असती तर अख्ख्या मांजरीच्या वराती तिच्यातनं निघाल्या असत्या, त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. गेनबा नाव त्यांचं. घेते मी नाव, मला काय भ्यायचंय.

तर घर चालतं त्या गाडीवर, हे ध्यानात ठेवा. शेत नाही आता. गाडी कंपनीतनं निघाली की आम्ही सगळे दारात बसून त्या तलावात पोहणारी माणसं बघायची, एवढाच धंदा उरतो.

मार्चात ऊन तापलं तसं रविराजनं ए.सी. लावला. दिवा लागला बटणावरचा. पंखा फिरला. वारा आला, पण कसला, भाकरीचा तवा उतरवल्यावर चुलीतनं येतो ना, तसला. त्या दिवशी मी गाडीतच होते, हडपसरला भाजीला निघालेले. मी तिथल्या तिथं म्हणलं, "रविराज, टक् झालं नाही."

"काय झालं नाही?"

"टक्. तू बटण दाबलं की पुढं टक् वाजतं आणि इंजिन जरासं दबतं, बैलाच्या मानेवर जू ठेवल्यावर दबतो तसं. आज दबलं नाही."

तो हसला. म्हणाला, "आई, ए.सी. गार लागतो की नाही ते बघतात, वाजतो की नाही ते नाही. गॅस संपला असंल." संपला विषय. बारावीपर्यंत गेलाय ना तो. बारावी झाला नाही, पण गेला होता.

आता मला हे कुठनं कळलं ते सांगते. पंचवीस वर्षं विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर मी चालू केलाय. हे गावात, मी विहिरीवर. हिरवं बटण दाबायचं, आतनं खाट् असं उचललं की मोटार घुंऽऽ करणार, मग पाणी पाटात. खाट् नाही तर पाणी नाही. विहीर तुडुंब असू दे, मोटार नवीकोरी असू दे, स्टार्टरनं उचललं नाही तर पाटात थेंब येत नाही. इंजिनातलं मला काही कळत नाही, मी कधी म्हणलं पण नाही कळतंय म्हणून. पण हुकूम सोडल्यावर तो पुढं पोचला की नाही हे मला आवाजावरनं कळतं. घरात सून नाही अजून, तरी कळतं.

गेलो सर्जेरावाकडं. हडपसरला गाड्यांच्या ए.सी.त गॅस भरतो तो. गाडी थांबली नाही, हा खुर्चीवरनं उठला नाही, तिथनंच म्हणाला, "गॅस गेला." अहो, बॉनेट तरी उघडा. नाडी बघायच्या आधी वैद्यानं काढा उकळायला ठेवला.

मी म्हणलं, "सर्जेराव, टक् होत नाही."

"वहिनी, तुम्ही सावलीला बसा. उसाचा रस घ्या."

भरला गॅस. बटण दाबलं. टक् नाही. वारा तसाच. मी म्हणलं, "गरम आहे." तर म्हणतो, "सेट व्हायला दोन दिवस लागतात, वहिनी." म्हणजे दही लावलंय का गाडीत? दोन दिवसांनी परत गेलो. आता काय म्हणाला, "गॅस जास्त झाला." थोडा काढला. दोन दिवसांनी तिसऱ्यांदा गेलो, तर म्हणाला, "आता बरोबर आहे, पण गाडीच उन्हात उभी असती ना." मी त्याला सरळ विचारलं, "सर्जेराव, मोटार उचलत नाही म्हणून कुणी विहिरीत टँकर ओततं का?" तो रविराजकडं बघून डोळा मारतो. माझ्यासमोर. पण ऐकून घ्यावं लागतं, मी चौथी शिकलेली.

इकडं घरी आमच्या मालकांचं वेगळंच. "खिडक्या उघडा की," म्हणे. "आपण ट्रॅक्टरला ए.सी. लावला व्हता व्हय? मेलो का?" मी म्हणलं, कंपनीच्या गाडीला काचा बंद ठेवायचा नियम आहे, पोरींना धूळ चालत नाही, त्यांना ऊन चालत नाही, त्यांना काय चालतं ते मला अजून कळलं नाही. तर हा माणूस गप्प बसला. हा गप्प बसला की मला भ्या वाटतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून यांनी काय केलं असंल? गोठ्यातली दोन पोती घेतली, पेंडीची, ओली केली, आणि मागच्या दोन्ही खिडक्यांना आतनं टांगली. का, तर पोत्यातनं वारा आला की गार होतो. होतो. गोठ्यात होतो. रविराज अर्धवट झोपेत, त्यानं मागं वळून बघितलंच नाही, गेला तसाच कर्वेनगरला.

तिथं उत्कर्षा नावाची मुलगी बसते पहिली. ती दार उघडून बसली, तिच्या पांढऱ्या ओढणीवर पेंडीचं पाणी टपकलं, वास तुम्हाला सांगायची गरज नाही, आणि पुढं खराडीपर्यंत ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास. पोरगी चांगली, तोंडावर काही बोलली नाही. तोंडावर न बोलणारी माणसं फार वाईट. कंपनीत पोचल्यावर तिनं कॉम्प्युटरवर लिहून तक्रार टाकली. दोन ओळी होत्या म्हणे. एकीत ए.सी. बंद, दुसरीत पोतं.

दुपारी अभिनव साहेबांचा फोन. गाड्यांचं सगळं तेच बघतात कंपनीत. वय काय, माझ्या भाच्याएवढं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. फार गोड बोलतात. "काकू, ते पोत्याचं मी समजू शकतो. पण ए.सी. वर्किंग नसेल तर व्हेईकल चेंज करावं लागेल. पॉलिसी आहे. सोमवारी इन्स्पेक्शन ठेवलंय. तोपर्यंत गाडी नका पाठवू." आणि मला ठाऊक होतं की वाघोलीच्या चार गाड्या कंपनीच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या असतात, कुणाचं निघतंय आणि आमचं लागतंय म्हणून. तो वार होता गुरुवार.

मग मी म्हणलं, आता दुसरा मेकॅनिक बघा, मीही येते. कुठं जायचं ते रविराजनं ठरवलं. कुणीतरी सांगितलं सदाशिव पेठेत आगाशे म्हणून आहेत, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात, फार हुशार, फक्त बोलायला जरा... आता सदाशिव पेठेत गाडी घेऊन जाणं हे वेगळं प्रकरण आहे, तिथं माणूस चालत जातो तेव्हासुद्धा वाट बघावी लागते. शनिवारी भर बारा वाजता, काचा बंद, कारण रविराज म्हणाला उघड्या ठेवल्या तर त्यांना कळायचं नाही गाडी किती तापते ते. त्यांना कळावं म्हणून आम्ही तापत गेलो. मालक मागं होते, त्यांच्या मांडीवर ओला पंचा, तो त्यांनी डोक्यावर घेतला, सदाशिव पेठेतली माणसं वळून बघत होती, वाटलं असंल पेशंट आणलाय.

आगाशे पन्नाशीचे, बारीक, चष्मा दोरीला. टेबलावर एक पाटी: 'चौकशी एकदाच करावी.' मी एकदाच केली. म्हणलं, "बटण दाबल्यावर टक् होत नाही."

ते रविराजला म्हणाले, "गाडी कोण चालवतं?"

"मी."

"मग आपण सांगा. यांना बसू दे."

रविराजनं गॅसचं रामायण सांगितलं. आगाशेंनी पुढं हात घालून काहीतरी चाचपलं, हात पुसला आणि म्हणाले, "कॉम्प्रेसर गेला. नवा टाकावा लागेल. पार्ट आठ दिवसांनी येईल."

आठ दिवस. म्हणजे सोमवार गेला, कंपनी गेली, वाघोलीवाला आत. रविराजनं मान खाली घातली, मालक पंचा पिळायला लागले, आणि मी उठले. म्हणलं, "आगाशे, तो जो कोण कॉम्प्रेसर गेला म्हणता, त्याला हुकूम पोचला आणि त्यानं काम केलं नाही, की हुकूमच पोचला नाही? आधी ते बघा."

त्यांनी चष्मा लावला. पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आपण इंजिनियर का?"

"नाही. शेतकरी. विहिरीवर मोटार होती आमच्या."

"विहीर वेगळी, मोटारगाडी वेगळी."

"वीज एकच की."

 दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते हसलं, तेव्हा आगाशेंना राग आला, पण माझा नाही, त्याचा. म्हणाले, "ठीक आहे. आपल्या समाधानासाठी." रविराजला आत बसवून इंजिन चालू करायला लावलं, वायरचा एक तुकडा घेतला, कॉम्प्रेसरच्या तोंडाचा प्लग काढला, आणि बॅटरीपासनं सरळ वायर नेऊन टेकवली.

टक्.

तुम्हाला सांगते, पोरगा झाला तेव्हा त्याचं रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं नव्हतं. इंजिन दबलं, जू ठेवल्यासारखं. रविराज आत बसलेला, तो म्हणाला, "आई, गार येतंय." मालक मागच्या सीटवर होते, त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला.

आगाशेंनी वायर काढून ठेवली. मग म्हणाले, "बरोबर आहे." हे दोन शब्द. सदाशिव पेठेतल्या माणसाच्या तोंडनं, तेही बाईला, तेही मांजरीच्या. मला वाटलं लिहून घ्यावं आणि पाटीखाली लावावं.

मग त्यांनी बॅटरीजवळचा डबा उघडला. त्यात काळ्या डब्या असतात ओळीनं, अर्ध्या काडेपेटीएवढ्या. रिले म्हणतात त्याला. आमच्या स्टार्टरचंच पिल्लू. बटणाचा हुकूम ती घेते आणि पुढं मोठा करंट सोडते. त्यांनी ए.सी.ची डबी उपसली, उलटी केली. तिचे पाय जळून काळे पडलेले. मग भोकात बघितलं. भोक स्वच्छ.

"जळली ही इथं नाही," आगाशे म्हणाले. "इथं जळली असती तर जागाही काळी झाली असती. दुसरीकडची मेलेली डबी आणून इथं बसवलीय." मग त्यांनी शेजारची हॉर्नची डबी काढली. ती चकचकीत, आणि तिच्याखालची जागा काळी. "हॉर्न वाजतो?"

"वाजतो की," रविराज म्हणाला.

"वाजणारच. ए.सी.ची डबी तिकडं आहे. दोन्ही सारख्याच असतात. आपल्या घरातलंच काम आहे हे. बाहेरचा माणूस एवढी नीट अदलाबदल करत नाही, तो चोरून नेतो."

नवी डबी बसवली, दोन मिनिटांचं काम. टक्. येताना काचा बंद, आत थंडगार, मालकांना हडपसर येईस्तोवर झोप लागली.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, गोड झालं. कसलं गोड? माझं डोकं तर आत्ता कुठं तापलं होतं. तीन आठवडे मला येडी ठरवली, गॅस भरला, काढला, पोती टांगली, कंपनी जायची वेळ आली, ती एका माणसाच्या हातानं. तो माणूस कोण? हॉर्न कुणी दुरुस्त केला होता? मला लगेच आठवलं. नागोराव.

नागोराव आमचा भाडेकरू, मागच्या खोलीत राहतो, वाशीमकडचा. कारखान्यात वायरमन आहे. सभ्य माणूस, बायको सभ्य, भाडं द्यायला यायच्या आधी खोकतो. मी सांगितलेलं काम कधी पडू देत नाही. संक्रांतीच्या सुमाराला आमचा हॉर्न बंद पडला होता, तो त्यानंच केला होता चालू. थंडीचे दिवस, ए.सी. कुणी लावला नाही, म्हणून मार्चपर्यंत कळलं नाही. आणि मार्चात तो गावाकडं, मेव्हण्याच्या लग्नाला. रविवारी परत येणार होता.

रविवारी मी सकाळपासून ओट्यावर बसले. मालक म्हणाले, "अगं, येऊ दे त्याला, पाणी पिऊ दे." मी म्हणलं, पाणी मी पाजते त्याला. रविराजला समोर बसवला, मालकांना बसवलं, म्हणलं सगळ्यांसमोर होऊ दे, तीन आठवडे मला हसलात, आता ऐका. आणि शपथ घातली, ज्यानं हे केलं त्यानं परत या गाडीला हात लावायचा नाही, मग तो कुणी का असंना. जोरात म्हणलं. शेजारच्या सोसायटीतल्या दोघी गॅलरीत आल्या.

आला. हातात पिशवी, लग्नाचे लाडू. मी म्हणलं, "नागोराव, हॉर्नला ए.सी.ची डबी कुणी बसवली?"

"म्या, बाई."

लगेच कबूल. मला वाटलं होतं नाही म्हणंल, मग मी आगाशेंनी दिलेली जळकी डबी पदराखालनं काढीन. काढताच आली नाही.

"आणि जळकी ए.सी.च्या जागी?"

"ते जागा खाली राह्यली तं धूळ जाते ना जी. म्हून लावून देल्ली."

"अरे, पण ए.सी.चीच का काढलीस? विचारायचं नाही?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. अगदी शांतपणे म्हणाला, "इचारलं व्हतं ना, बाई. तुमालेच इचारलं. तुमी कर्वेनगरले हळदीकुंकवाले गेल्ता, रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी, हॉर्न वाजे नाही, तुमाले पोचाले उशीर झाला, वाण संपून गेलं व्हतं. सकाळी तुमी मले बलावलं. मी म्हनलं, बाई, डबी बजारातून आनतो दुपारपर्यंत. तुमी म्हनल्या, दुपार नाही, आत्ता, कुठनंबी काढ. मी म्हनलं, ए.सी.ची काढू का? तं तुमी म्हनल्या, काढ, थंडीत ए.सी.चं काय लोणचं घालायचंय?"

 गॅलरीतल्या दोघी गेल्या नाहीत.

मी म्हणलं, मी असं म्हणाले नाही. तर मालक, ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, सकाळी खाल्लेली भाजी आठवत नाही, ते म्हणाले, "म्हणालीस. लोणचंच म्हणालीस. मी तिथं दाढी करत व्हतो."

लाडू चांगले होते. खाल्ले आम्ही सगळ्यांनी.

सोमवारी मी आणि रविराज खराडीला. अभिनव साहेब आले, दार उघडून बसले, बटण दाबलं. टक्. मी बाहेर उभी राहून ऐकलं. दोन मिनिटांत त्यांनी बाहेर अंगठा काढून दाखवला. मी रविराजला म्हणलं चला, सुटलो, घरी जाऊन पुरणाचं घालते. तर साहेब कागद घेऊन आले. "काकू, फक्त एक फॉर्म. तक्रार सिस्टिममध्ये आहे ना, ती क्लोज करायला लागतं."

चार रकाने होते. काय झालं, का झालं, परत होऊ नये म्हणून काय करणार, आणि चौथा, जबाबदार कोण. पहिले तीन रविराजनं इंग्रजीत भरले. चौथ्यावर थांबला. साहेब म्हणाले, "नाव लागतंच, काकू. ब्लँक चालत नाही, कॉम्प्युटर घेत नाही. आणि त्या व्यक्तीनं पुढं व्हेईकल हँडल करायचं नाही."

रविराज हळूच म्हणाला, "आई, नागोरावचं टाकू? तो कुठं बघायला येतोय."

मी विचार केला. रविराजचं टाकलं तर चालवणारा गेला. नागोरावचं टाकावं तर उद्या काही बिघडलं की हात लावणारा एकच माणूस, तोही गेला, आणि खोटं ते वेगळंच. आमच्या मालकांचं टाकायचा मात्र मला मोह झाला, खोटं कशाला बोलू, पोत्यांबद्दल तरी टाकावं असं वाटलं. पण त्या रकान्यात पोतं विचारलं नव्हतं.

बत्तीस वर्षं झाली त्या घरात मी बोलतेय. टक् होत नाही म्हणून तीन आठवडे ओरडले, नवऱ्यानं ऐकलं नाही, पोरानं नाही, सर्जेरावानं नाही. एवढ्या वर्षांत एका माणसानं एकदा माझं म्हणणं जसंच्या तसं ऐकलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता, आणि त्याचं हे झालं. कुणाला काय सांगणार? म्हणलं, आण तो पेन इकडं. साहेब म्हणाले, मराठीत चालेल, काकू. चालेल म्हणजे काय, चौथीपर्यंत सगळं मराठीतच होतं. सावकाश, वरची रेघ सरळ ओढून, एकेक अक्षर सुटं लिहिलं...

मथुराबाई गेनबा कुंजीर.